सीसीटीव्ही उपसमितीसाठी बाळबोध मार्गदर्शिका

वार्षिक सर्वसाधारण सभेत चहा यायच्या आत कोणीतरी ‘कॅमेरे बसवा’ म्हणालं आणि तुम्ही नेमके पुढच्या रांगेत बसला होतात. अभिनंदन. आता तुम्ही सीसीटीव्ही उपसमिती आहात. तुमच्याबरोबर आणखी दोन सभासद आहेत. त्यांतल्या एकांचं मत आहे की कॅमेऱ्यांची गरजच नाही, आणि दुसरे सहा महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीला गेले आहेत.

कॅमेरा कोणता घ्यावा, रेकॉर्डिंगला सॉफ्टवेअर कोणतं, केबल कशी ओढावी, हे सगळं या मार्गदर्शिकेत सापडेल. एक प्रश्न तेवढा आम्ही मुद्दाम वगळला आहे, तुम्हीही वगळा: कॅमेऱ्यात नक्की काय दिसायला हवं आहे? हा प्रश्न सभेत निघाला की फाटकापाशी चेहरा दिसावा, पार्किंगमध्ये नंबर प्लेट वाचता यावी आणि लिफ्टमध्ये कोण थुंकतं ते कळावं, अशा तीन निरनिराळ्या गरजा बाहेर पडतात. तिन्हींना वेगवेगळे कॅमेरे लागतात आणि सभा साडेदहाच्या आत आटपत नाही. त्यापेक्षा ठराव असा लिहावा: ‘सोसायटीच्या सुरक्षिततेसाठी सोळा कॅमेरे बसवण्यात यावेत.’ सोळाच का, असं कोणी विचारत नाही. रेकॉर्डर चार, आठ, सोळा आणि बत्तीस कॅमेऱ्यांचे मिळतात. आठ म्हणजे कंजूषपणा वाटतो आणि बत्तीस म्हटलं की खजिनदार पाणी मागतात.

थोडी पूर्वपीठिका

जुन्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याची वायर सरळ डीव्हीआरपर्यंत जायची आणि चित्राचे आकडे तिथे बनायचे. आयपी कॅमेरा हा स्वतःच एक छोटा संगणक. तो चित्र जागच्या जागी दाबून आवळून नेटवर्कवर पाठवतो आणि समोरचा रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, ते नुसतं साठवून घेतो. असा पहिला कॅमेरा स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने १९९६ साली बाजारात आणला. मोठ्या आकाराचं एक चित्र द्यायला त्याला सतरा सेकंद लागत. सतरा सेकंदांत जिन्यातून चपलांचे चार जोड सहज जातात. आज कॅमेरे सेकंदाला पंचवीस चित्रं देतात. चपला तरीही जातात.

दोनचा टाकू की चारचा?

हा दुकानदाराचा पहिला प्रश्न. आकडा मोठा तेवढा कॅमेरा चांगला असं धरून चाला. त्यामागचं गणित करायला बसू नका, कारण ते पाचवीच्या मुलालाही जमतं आणि जमलं की मूड जातो. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं असतं. सोसायट्यांमध्ये सर्रास दिसते ती २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांहून थोडं जास्तच फाकून बघते, म्हणजे दहा मीटरवर सुमारे पंचवीस मीटर रुंदीचं दृश्य पकडते. १९२० ठिपके पंचवीस मीटरांना वाटले की मीटरमागे पाऊणशे पडतात. माणसाचा चेहरा सोळा सेंटिमीटर रुंद धरला, तर त्याच्या वाट्याला बारा ठिपके आले. त्या बारांत दोन डोळे, एक नाक आणि असल्यास मिशी बसवायची आहे.

या बाबतीत आयईसी ६२६७६-४ नावाचं एक मानक आहे. कोणीतरी आहे एवढंच कळायला मीटरमागे २५ ठिपके, काय चाललं आहे ते कळायला साधारण ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची बिनशंका ओळख पटवायला २५०, अशा पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. तुमचा दहा मीटरवरचा माणूस दुसऱ्या पायरीवर उभा आहे. काहीतरी चाललं आहे खास, पण कोणाचं ते विचारू नका. अडीचशे ठिपके हवेच असतील, तर दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने पावणेआठ मीटरपेक्षा रुंद बघताच कामा नये. म्हणजे फाटकासाठी सहा किंवा बारा मिलिमीटरची लेन्स घेऊन नजर आवळावी लागते. ती आवळली की कडेच्या कुंड्या चौकटीबाहेर जातात, आणि कुंड्यांची चोरी हाच तर चार वर्षं सभेतला कायमचा विषय आहे. तेव्हा सगळीकडे २.८ घ्या. मोबाइलवर अख्खं आवार दिसतं, पाहुण्यांना दाखवता येतं.

आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर ठिपके चौपट होतात हे खरं. पण सेन्सर तेवढाच राहिला तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला येणारा उजेड चौथाई होतो. दुपारी बाराला वॉचमनच्या शर्टाची बटणं मोजता येतात आणि रात्री बाराला वॉचमन कुठे आहे तेच समजत नाही. अर्थात ते इतर कारणांनीही समजत नाही. रात्रीसाठी त्याच किमतीतला, सेन्सर मोठा असलेला चार मेगापिक्सेलचा कॅमेरा अनेकदा सरस पडतो, पण हे वाक्य सभेत उच्चारलंत तर कंपनीकडून कमिशन खाल्ल्याचा संशय तुमच्यावर येईल.

नंबर प्लेटचं प्रकरण तर आणखी निराळं. अंधारात येणाऱ्या गाडीचे दिवे थेट लेन्समध्ये घुसतात आणि प्लेटच्या जागी पांढरा गोळा उरतो. ते टाळायला शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी ठेवून, फक्त प्लेटकडे रोखलेला वेगळा कॅमेरा लावतात. त्याच्या चित्रात प्लेट सोडून बाकी सगळा काळोख असतो. असा काळोख दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला पैसे मोजायला कोणतीही कमिटी तयार होत नाही, आणि हे तुमच्या पथ्यावरच पडतं.

उंची

कॅमेरा पंधरा फुटांवर लावा. ‘चोराचा हात पोचता कामा नये’ हे कारण सर्वांना पटतं. पंधरा फुटांवरून समस्त पुरुषवर्गाची टकलं उत्तम दिसतात आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. चेहरा हवा असेल तर आत येणारा माणूस नजर वर करतोच अशा जागी, म्हणजे लिफ्टच्या दाराशी किंवा नावांच्या पाटीशेजारी, सात-आठ फुटांवर कॅमेरा लावावा लागतो. पुण्यात अर्थात तेवढ्यानेही भागत नाही. दुचाकीवरून उतरणाऱ्या निम्म्या जनतेचे डोळे सोडून बाकी चेहरा स्कार्फमध्ये असतो, आणि त्यांत सोसायटीच्या खजिनदारांची सूनही असते.

लावताना समोरच्या फ्लॅटचं दार कॅमेऱ्यात घ्यायला विसरू नका. दोन सख्खे शेजारी आयुष्यभर बोलेनासे होण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ साली एका घराच्या वादात, एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात लावलेले कॅमेरे हा खासगीपणावर घाला आहे असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही. म्हणजे या भांडणाला आता वरपर्यंत वाटही आहे.

रात्र, कोळी आणि पाऊस

रात्री कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकतो. बहुतेकांत तो ८५० नॅनोमीटरचा असतो, अंधारात निरखून पाहिलं तर लालसर ठिणगी दिसते. या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोरच घर बांधतो. त्याचा एकेक धागा पडद्यावर पांढऱ्याशुभ्र दोरखंडाएवढा दिसतो आणि वाऱ्याने हलला की मोबाइलवर घुसखोरीची सूचना येते. उपाय एकच: काठीला फडकं बांधून महिन्यातून एकदा पुसणे. हे काम वॉचमनचं की सफाई कामगाराचं यावर समितीची बैठक घ्या. तोवर कोळ्याला मुदतवाढ मिळते.

कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाचंही बघावं लागतं. कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं आणि कॅमेरा खरंच टिकतो. पाणी शिरतं ते कॅमेऱ्यातून खाली लोंबणाऱ्या शेपटीच्या जोडात. ती शेपटी जंक्शन बॉक्सच्या आत घ्यायची असते. बॉक्स वेगळा विकत घ्यावा लागतो, म्हणून कोटेशनमध्ये तो शेवटच्या ओळीत असतो आणि घासाघीस करताना पहिला तोच उडतो.

केबल

नवशिक्यांनी केबलचा विचार करू नये. सगळी निळी-करडी दिसते, डक्टमध्ये एकदा गेली की गेली. तरी माहिती म्हणून सांगतो. एकाच केबलमधून नेट आणि वीज दोन्ही नेण्याच्या पद्धतीला पीओई म्हणतात. तिचं पहिलं मानक २००३ साली आलं. त्यात स्विचच्या एका तोंडातून १५.४ वॉट निघतात, २००९ च्या मानकात ३०. साध्या कॅमेऱ्याला पहिलं पुरतं. केबलची कमाल लांबी शंभर मीटर, आणि ही लांबी डक्टमधून वरखाली फिरून मोजायची असते, गुगल मॅपवर नव्हे.

बाजारात ‘कॅट सिक्स’ म्हणून अर्ध्या भावात एक केबल मिळते. तिची तार आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत वीज पोचेपर्यंत दमते. दिवसा तो नीट चालतो आणि रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. पारख करायची तर तार ब्लेडने खरवडा: आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. मात्र हे दुकानात कराल तर दुकानदाराचा चेहरा उतरेल, आणि तो माणूस चेअरमनसाहेबांच्या ओळखीतला आहे.

तीन कोटेशन्स

तीन कोटेशन्स मागवा. तीनही एकाच माणसाने तीन लेटरहेडवर पाठवली असतील तर त्याचं काम वाचल्याबद्दल आनंद माना. सर्वांत कमी रकमेचं घ्या. फक्त एवढं लक्षात असू द्या, की ९ एप्रिल २०२५ पासून नव्याने बनवलेल्या वा आयात केलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची सुरक्षा-चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झालेली असणं आणि त्या निकषांवर त्याची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी असणं केंद्र सरकारने सक्तीचं केलं आहे. त्यामुळे कोणी ‘जुना स्टॉक आहे, फार स्वस्तात देतो’ म्हणाला, तर तो खरं बोलतो आहे.

आणखी एक शब्द कानावर पडेल: ऑनव्हिफ. २००८ साली अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी मिळून हे मंडळ काढलं, एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरशी बोलू शकावा म्हणून. चांगल्या कॅमेऱ्यांत त्याचं मानक असतंच, काहींत मेन्यूत शिरून आधी चालू करावं लागतं. ज्या कॅमेऱ्यात ऑनव्हिफही नाही आणि चित्र थेट बाहेर देणारी आरटीएसपीची सोयही नाही तो फक्त स्वतःच्या कंपनीच्या अ‍ॅपशी बोलतो. रेकॉर्डिंग मागे जाऊन बघायचं तर दरमहा वर्गणी भरायची. असा कॅमेरा ऑनलाइन सेलमध्ये फार देखणा दिसतो. अवश्य घ्या.

सॉफ्टवेअर, अर्थात खरी मौज

इथे दोन पंथ आहेत. पहिला डबापंथ. एनव्हीआरचा काळा डबा आणायचा, त्याच्याच पोटातलं सॉफ्टवेअर वापरायचं. सोबत एक माऊस येतो, तो पहिल्या आठवड्यात हरवतो. मेन्यूत ‘अप्लाय’ न दाबता बाहेर पडलं की केलेले बदल जातात. आणि हा डबा वॉचमनच्या केबिनमध्ये, टेबलावर, चहाच्या थर्मासशेजारी ठेवायची प्रथा आहे. ‘जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही पळवला’ ही ओळ वर्तमानपत्रांत वरचेवर येते त्यामागे हीच प्रथा आहे. मीटर रूममध्ये कुलपात ठेवला तर चोराची गैरसोय होते. डब्याला, पीओई स्विचला आणि राउटरला मिळून एक छोटा यूपीएसही लागतो, नाहीतर मेन स्विच पाडला की सोळाही कॅमेरे एका दमात आंधळे होतात.

दुसरा संगणकपंथ. यात कॅमेरे तुमचे, संगणक तुमचा आणि वर सॉफ्टवेअर आवडीचं. विंडोजवर ब्लू आयरिस आहे, परवाना विकत घ्यावा लागतो. डेन्मार्कच्या माइलस्टोनची एक फुकट आवृत्ती आठ कॅमेऱ्यांपर्यंत चालते. सिनॉलॉजीच्या साठवणपेटीवर दोन कॅमेरे सहसा मोफत, तिसऱ्यापासून दर कॅमेऱ्याला वेगळा परवाना. आणि झोनमाइंडर पूर्ण मोफत, मुक्त स्रोताचं.

झोनमाइंडरची जन्मकथा मात्र नवशिक्यांनी वाचू नये, ती बिघडवणारी आहे. फिलिप कूम्ब्स नावाच्या प्रोग्रॅमरचं गॅरेज फोडून चोरांनी त्याची सगळी विजेवरची हत्यारं नेली. त्याच्या मनात आलं की गॅरेजवर एक कॅमेरा रोखलेला असता तर त्या लोकांची तोंडं तरी दिसली असती. मग त्याने स्वतःच हे सॉफ्टवेअर लिहिलं. क्रम बघा किती उलटा: आधी काय गेलं ते कळलं, मग काय दिसायला हवं होतं ते ठरलं, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. सोसायटीत असं चालत नाही. इथे आधी कोटेशन येतं.

बी विंगमधला आयटीतला तरुण तुम्हाला फ्रिगेट सुचवेल. तेही मोफत आहे. तो एका शनिवार-रविवारात लिनक्स, डॉकर वगैरे मांडून ते उभंही करून देईल, सुंदर चालेल, आणि पुढच्या तिमाहीत कंपनी त्याला बंगळुरूला हलवेल. पण तो गेल्यावर ते सॉफ्टवेअर नावडतं करू नका, कारण एक महत्त्वाचा फरक त्याच्यामुळेच समजतो. साधं ‘मोशन डिटेक्शन’ म्हणजे चित्रातले ठिपके बदलले की आरडाओरडा. गुलमोहराची सावली हलली, पाऊस लागला, मांजर गेली, दिवाळीत आकाशकंदील झुलला, प्रत्येक वेळी मोबाइल थरथरतो. दोन रात्री उठून बघणारा सभासद तिसऱ्या रात्री सूचना बंद करतो आणि त्यानंतर त्या कधीच चालू करत नाही. फ्रिगेटसारखं सॉफ्टवेअर हलणारी गोष्ट नक्की कोणती ते ओळखायचा प्रयत्न करतं: माणूस, गाडी, कुत्रा, मांजर. नुसत्या माणसापुरती सूचना मागितली की रात्री झोप लागते.

ही ओळखण्याची विद्या पुष्कळदा ‘कोको’ नावाच्या चित्रसंग्रहावर शिकवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने २०१४ साली निघालेला हा संग्रह, त्यात ऐंशी प्रकारच्या वस्तू आहेत. त्यात जिराफ आहे, झेब्रा आहे, बर्फावर घसरायच्या पट्ट्या आहेत. रिक्षा नाही. गाय आहे, म्हैस नाही. तेव्हा तुमच्या फाटकातून रात्री एक वाजता जिराफ आत शिरला तर सोसायटीला तत्काळ कळेल. रिक्षा शिरली तर यंत्राला वाटेल ती गाडी, ट्रक किंवा काहीच नाही. इतकं असूनही उपलब्ध पर्यायांत मला हाच मार्ग शहाणा वाटतो. फक्त तो चालवणारा माणूस बंगळुरूला जाणारा नसावा.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग?

‘तीस दिवसांचं’ असं उत्तर द्या. सगळे तेच देतात. आता हिशेब. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला ४३ गिगाबाइट होतात. सोळा कॅमेऱ्यांचे दिवसाला जवळजवळ ७०० आणि तीस दिवसांचे वीस टेराबाइटच्या पुढे. कोटेशनमध्ये हार्ड डिस्क लिहिली आहे दोन टेराबाइटची. ती तीन दिवसांत भरते आणि चौथ्या दिवशी पहिला दिवस पुसून त्याच जागी लिहायला लागते. हे सगळं बिनबोभाट होतं. पडद्यावर सोळा चौकोन हलत असतात, लाल ठिपका चालू असतो, आणि गेल्या शनिवारी नेलेली सायकल मंगळवार उजाडेपर्यंत पुसली गेलेली असते.

चित्र दाबायची एच.२६४ पद्धत सोडून एच.२६५ निवडून, सेकंदाला पंचवीसऐवजी बारा-पंधरा चित्रांवर येऊन, आणि जिथे रात्रंदिवस काही घडत नाही त्या कॅमेऱ्यांना फक्त हालचाल असताना लिहायला लावून हा आकडा निम्म्याच्या खाली आणता येतो. त्यावरही दोन टेराबाइट अपुरेच. डिस्क घेताना सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेली घ्यावी, उदाहरणार्थ वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. जुन्या कॉम्प्युटरमधली काढून लावली तरी चालते, कधीपर्यंत ते सांगता येत नाही.

तुलनेसाठी: पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये अठरा महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलं, आणि तेवढी सोय बाजारात नसेल तर निदान एक वर्षाचं. तिथे नुसतं चित्र नाही, आवाजही.

पासवर्ड

टेक्निशियन जो ठेवेल तो राहू द्या. तो सगळ्या सोसायट्यांत एकच ठेवतो, म्हणजे त्याला लक्षात ठेवायला सोपा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमने जगभरातले असले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून काढले, कारखान्यातून आलेल्या साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यांवर लावून बघितल्या, आणि लागले ते आपल्या फौजेत ओढले. २१ ऑक्टोबरला त्या फौजेच्या हल्ल्याने, साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता सांगणारी डाइन ही कंपनी कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अमेरिकेत उघडेनात. तुमचा जिन्यातला कॅमेरा इथे नुसता कोळ्याचं जाळं बघतो आहे असं तुम्हाला वाटतं. बाहेर त्याचे उद्योग काय आहेत ते तुम्हाला माहीत नाही. राउटरवर पोर्ट उघडून देणारा टेक्निशियन दिसला की त्याला चहा पाजा आणि वायर काढून घ्या. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएनची सोय करून घ्यावी.

वेळ

रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात तारीख-वेळ येते. ती बरोबर आहे का हे बघायची पद्धत नाही. पुष्कळ डबे चीनच्या वेळेवर बेतून येतात, ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मग रात्री अकराला झालेली चोरी पडद्यावर दीड वाजता होते, आणि दीड वाजता जो खरोखर जिन्यात होता त्या रात्रपाळीच्या सभासदाला सकाळी समितीपुढे उभं राहावं लागतं. सेटिंगमध्ये टाइम झोन ५.३० करून एनटीपी चालू केलं की डबा इंटरनेटवरून वेळ स्वतः जुळवतो. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

फुटेज पाहिजे

आता घटना घडली असं समजू. वरच्या सूचनांपैकी काही तुम्ही चुकून पाळल्या नाहीत आणि रेकॉर्डिंगमध्ये खरोखरच चेहरा आला आहे. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पत्र देतात, ‘फुटेज द्या’. वॉचमन मॉनिटरवर चाललेलं दृश्य मोबाइलवर चित्रित करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्यात मॉनिटरवर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि वॉचमनचा श्वास अधिक स्पष्ट आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र ते आधीच फिरून आलेलं असतं आणि एक निरपराध डिलिव्हरी बॉय तिथे दोषी ठरलेला असतो.

रेकॉर्डिंग कोर्टात कसं टिकतं ते शिकायचं तर जालन्याला जावं लागतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले: खोतकरांचे उमेदवारी अर्ज मुदतीची वेळ, दुपारचे तीन, उलटून गेल्यावर घेतले गेले, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं आहे. रेकॉर्डिंगच्या सीडी मिळाल्या. पण त्यांसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचं प्रमाणपत्र लागतं, ते पुन्हा पुन्हा मागूनही कार्यालयाने दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अधिकाऱ्याची साक्ष धरून निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल कायम ठेवला, पण नियम घट्ट केला: मूळ यंत्र न आणता प्रत दाखवायची असेल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने त्याची भरपाई होत नाही. इथे सूट मिळाली ती गोरंट्याल यांनी प्रमाणपत्रासाठी शक्य ते सगळं केलं होतं म्हणून. तोवर ती विधानसभा संपून पुढची निवडणूकही झाली होती, आणि जालन्यात गोरंट्याल निवडून आले होते. चित्र होतं, वेळ होती, माणसं ओळखू येत होती, आणि सहा वर्षं वाद चालला तो एका कागदाचा.

१ जुलै २०२४ पासून हा कागद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतो आणि त्याचा ठरावीक नमुनाच कायद्याच्या परिशिष्टात छापला आहे. त्याचे दोन भाग. भाग ‘अ’ रेकॉर्डिंग सादर करणाऱ्याने भरायचा: कोणतं यंत्र, कोणता मेक, अनुक्रमांक काय, ते त्या काळात नीट चालत होतं का. एनव्हीआरचा अनुक्रमांक डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, आणि डबा उचलला की केबल निघतात. मग फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलवर गणिती प्रक्रिया करून काढलेला लांबलचक आकडा. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी तो पार वेगळा येतो. तो कोणत्या पद्धतीने काढला त्यावर खूण करायची: एसएचए १, एसएचए २५६, एमडी ५ किंवा इतर. काढायचा मूळ निर्यात केलेल्या फाइलचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलचा हॅश काढून उपयोग नाही, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून छोटा करतं.

भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरून सही करायचा. कॅमेरे बसवणारा टेक्निशियन फोन उचलत नाही. बी विंगमधला तरुण बंगळुरूला आहे आणि सेक्रेटरींना इन्स्पेक्टरसाहेबांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आहे. सहाव्या मजल्यावरच्यांची नात कॉम्प्युटरला आहे म्हणे. दुसऱ्या वर्षाला. तिची परीक्षा कधी संपते ते विचारून घ्या.